बाळाच्या पहिल्या वर्षातला खर्च : नाशिककरांचा अनुभव धागा

पाळणा हलायच्या आधीच घरात खरेदी सुरू होते. त्यातलं निम्मं सामान बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत आखूड तरी पडतं, नाहीतर कपाटात पडून राहतं. दुसरीकडे जिथे खर्च व्हायलाच हवा तिथे हात आखडतो, आणि जे फुकट मिळतं त्याची माहितीच नसते. म्हणून हा धागा. फक्त 'आमचं असं झालं' एवढं लिहून थांबू नका. किती मीटर, किती ग्रॅम, कुठे मिळतं, कशात चूक होते आणि का, असं लिहा. वाचणारीला उद्या सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे.

पंचवटी, शिवणकाम करणारी

लंगोटांपासून सुरुवात करते, कारण पहिले चार महिने सगळ्यात जास्त लागतात ते तेच. विकतच्या तयार लंगोटात कापड कमी आणि शिलाई जास्त असते. ४४ इंच पन्ह्याचं मऊ सुती कापड घ्या. त्याच्या रुंदीत ५६ सेंटिमीटरचे दोन चौकोन बसतात. २४ लंगोटांना १२ ओळी म्हणजे पावणेसात मीटर कापड लागतं. सुती कापड आटतं, म्हणून साडेसात मीटर घ्या आणि कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. न भिजवता कापलं की पहिल्या दोन धुण्यांतच लंगोट कमरेला पुरत नाही. चौकोन तिरका दुमडला की त्रिकोण तयार, फक्त कडा दुमडून शिवायच्या. घरात आजोबांचं जुनं धोतर असेल तर त्यातून असेच बारा-चौदा निघतात आणि नव्या कापडापेक्षा ते मऊ असतात.

मेन रोडला, शालिमारला किंवा गोदाघाटावरच्या बुधवार बाजारात कापड घेताना 'प्युअर कॉटन' या शब्दावर जाऊ नका. कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी काडी लावून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, मागे मऊ राखाडी राख राहते आणि ती बोटात चुरता येते. धागा आकसून त्याचा काळा कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. पॉलिस्टर ओल शोषत नाही, बाळाच्या मांड्यांना लाल चट्टे येतात. आधी अर्धा मीटर आणून ही परीक्षा करा, मग ताग्यातून घ्या.

झबली सहा ते आठ पुरे. एक मीटर कापडात नवजात बाळाची तीन होतात. समोरून उघडणारी, बंदांची शिवा. डोक्यातून घालायच्या झबल्याने मान न धरणाऱ्या बाळाचे हाल होतात. बटण नको, निघालं तर थेट तोंडात जातं. बंद चार-पाच इंचांपेक्षा लांब ठेवू नका आणि आतली शिवण बाहेरच्या बाजूला घ्या, म्हणजे पाठीला टोचत नाही. गळ्याशी लेस आणि मणी लावून देण्याचा आग्रह खूप जणी करतात, मी नाही म्हणते.

दुपटी आठ, मलमलची, मीटर बाय मीटर. बाळाला गुंडाळताना वरचा भाग बेताचा घट्ट चालतो, पण कमरेखाली पाय बेडकासारखे फाकवता आले पाहिजेत. पाय सरळ ओढून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही.

गोधडीसाठी एक जुनी सुती साडी. साडेपाच मीटर साडीच्या ७५-७५ सेंटिमीटरच्या घड्या घातल्या की सात पदर होतात, एवढी जाडी पुरते. धावदोऱ्याच्या ओळींत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. अंतर वाढलं की धुताना आतले पदर सरकून गोळे होतात. अशा तीन गोधड्या आणि खाली दोन रबरी शीट असली की बाळाच्या अंथरुणाचा प्रश्न मिटला. मोहरीची उशी शिवायला खूपजणी येतात, तिची गरज नाही. बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवावं. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून झोपवायची दिशा आलटून पालटून बदलायची.

इंदिरानगर

वरच्या ताईंनी लंगोट शिवायचे सांगितले, मी ते धुण्याचं आणि डायपरचा हिशेब लिहिते.

एक डायपर १० रुपयांचा धरा. दिवसाला सात लागले तर ७० रुपये, महिन्याला २१००. दिवसा लंगोट आणि रात्री व बाहेर जाताना मिळून दोन डायपर, असं केलं तर महिन्याला ६०० रुपये. कापड ८० रुपये मीटरने धरलं तरी साडेसात मीटरचे ६०० एकदाच. साबण आणि पाणी जमेस धरूनही फरक मोठा राहतो. फक्त डायपर वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. घरात धुणारं माणूस नसेल, आईला टाके असतील, तर पहिले पंधरा दिवस डायपरच बरे. पण पाकिटं साठवू नका. सगळ्यात लहान मापाचं छोटं पाकीट एकच आणा. तीन किलोचं बाळ महिन्या-दीड महिन्यात त्या मापातून बाहेर पडतं आणि उरलेलं पाकीट शेजारी द्यावं लागतं. मांडीवर रबराचा लाल वळ दिसला किंवा शी पाठीकडून बाहेर आली तर माप लहान पडलंय. पाकिटावर किलो लिहिलेले असतात, महिने बघून घेऊ नका. आणि भाव पाकिटाचा न बघता एका नगाचा काढा, 'मोठं पाकीट स्वस्त' हे दर वेळी खरं नसतं.

धुताना शीचा लंगोट आधी गार पाण्यात खळखळून घ्यायचा. एकदम गरम पाण्यात टाकला तर डाग पक्का बसतो. मग अर्धा तास साबणाच्या पाण्यात, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांतून. शेवटचं पाणी फेसाळ दिसलं तर अजून एक पाणी. कापडात राहिलेल्या साबणानेही रॅश येतात. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड लंगोटांना लावायचं नाही, कापडावर थर बसून ते शोषायचं थांबतं. जंतुनाशकाची गरज नाही, कडक ऊन पुरे. सोसायटीत बोअरचं जड पाणी असेल तर लंगोट खरखरीत होतात. निदान शेवटचं पाणी तरी महापालिकेच्या नळाचं वापरा.

आषाढ-श्रावणात जन्मलेल्या बाळाला २४ लंगोट पुरत नाहीत, ३६ करा. पंख्याखाली दोरी बांधून एकेक पदर मोकळा टाकायचा आणि उरलेली ओल इस्त्रीने काढायची. दमट लंगोट बांधला की बुरशीचा लाल चट्टा येतो. तो जांघेच्या घडीतही पसरतो आणि कडेला बारीक पुळ्या असतात. तो नेहमीच्या रॅश क्रीमने जात नाही, डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा वापरायचे पॉकेट डायपर घेणार असाल तर आधी दोनच घ्या. आतले सुती पॅड तीन-चार वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत. नवीनच बांधून 'गळतं' म्हणून टाकून दिलेले खूप घरांत सापडतील. बाहेरचं आवरण उकळायचं नाही, इलॅस्टिक सैल पडतं. वापरलेला साधा डायपर शी संडासात झटकून, कागदात गुंडाळून, लाल खूण करून घंटागाडीला वेगळा द्या.

नाशिक रोड, निवृत्त परिचारिका

कपड्यांत वाचतात ते शेकडे. बाळंतपणात हजारो वाचतात, पण त्याची तयारी तिसऱ्या महिन्यात करावी लागते.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) बाळंतपण पूर्ण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. त्यात औषधं, तपासण्या, गरज पडली तर रक्त, साध्या बाळंतपणात ३ आणि सिझेरियनमध्ये ७ दिवसांपर्यंत जेवण, घरून न्यायची आणि परत सोडायची गाडी एवढं येतं. गाडीसाठी १०२, तातडीच्या वेळी १०८. आजारी बाळाचे उपचारही एक वर्षापर्यंत मोफत. यासाठी पिवळं कार्ड लागत नाही. नाशकात जिल्हा रुग्णालय आहे. महापालिकेची म्हणाल तर नाशिक रोडला बिटको, कथड्याला डॉ. झाकीर हुसेन, पंचवटीत इंदिरा गांधी, सिडकोत मोरवाडीचं स्वामी समर्थ. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. खासगी दवाखान्यात नाव घातलेल्या बाईनेही एकदा तरी सरकारीत नोंद करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावं. मातृवंदनेसारख्या योजनांना ते कार्ड लागतं.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. ३००० गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर, २००० बाळाच्या जन्माची नोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लशी झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० एकरकमी. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांनाही यात जागा आहे, त्यामुळे 'आपल्याला कुठे मिळतंय' म्हणून सोडू नका. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात. पैसे अडकतात ते जवळजवळ नेहमी एकाच कारणाने : आधार बाईच्या स्वतःच्या खात्याला जोडलेलं नसतं, किंवा आधारवर माहेरचं आणि पासबुकावर सासरचं नाव असतं. ते सातव्या महिन्याआधी एकसारखं करून घ्या.

खासगीत जायचं तर 'पॅकेज किती' एवढंच विचारू नका. त्यात काय नाही ते विचारा. भूलतज्ज्ञ धरलेत का? बाळाच्या डॉक्टरांची पहिली तपासणी आणि रोजची भेट? ऑपरेशनची औषधं? नॉर्मलचं सिझेरियन झालं तर आकडा कितीवर जातो? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर तो विभाग त्याच इमारतीत आहे का, रोजचे किती? खोलीचा वर्ग वाढवला की बऱ्याच ठिकाणी फक्त खोलीभाडं नाही, डॉक्टरांची फीसुद्धा वाढते. म्हणून जनरल आणि सेमी-प्रायव्हेट दोन्हींचा अंदाज कागदावर लिहून मागा. दरपत्रक दिसेल असं लावणं रुग्णालयाला बंधनकारक आहे आणि औषधं त्यांच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही. बाळाला अतिदक्षता लागली आणि खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात नवजात कक्ष आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयांतही नवजात बाळाचे काही उपचार बसतात. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नाही.

दवाखान्यात नेण्याच्या तयार 'किट'वर पैसे घालू नका. धुतलेली सुती कापडं दोन डझन, झबली चार, टोपडी दोन, दुपटी चार, आईचे पुढून उघडणारे गाऊन तीन, मोठे पॅड दोन पाकिटं. बास.

सातपूर, औद्योगिक वसाहतीतून

सातपूर-अंबडला नोकरी करणाऱ्यांसाठी. पगार २१००० च्या आत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जातं, पण खूपजण ते कार्ड बाळंतपणात वापरतच नाहीत. विमाधारक कामगार पुरुष असला तरी त्याच्या बायकोचं बाळंतपण ईएसआय रुग्णालयात मोफत होतं. सातपूरला ते रुग्णालय आहे. मात्र तिचं नाव कार्डावर कुटुंबात जोडलेलं पाहिजे. लग्न झालं की हे काम पहिलं करा. स्वतः कामगार असलेल्या बाईला आधीच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कंत्राटदार बदलला की नवा नंबर पडतो आणि जुने दिवस धरले जात नाहीत. म्हणून जुनाच विमा क्रमांक नव्या कंत्राटदाराला द्यायचा.

कंपनीचा ग्रुप विमा असेल तर तीन गोष्टी एचआरला ईमेलवरच विचारा : बाळंतपणाची मर्यादा किती, बाळ पहिल्या दिवसापासून धरलं जातं का, आणि जन्मानंतर किती दिवसांत नाव कळवायचं. ती मुदत हुकली की बाळ पुढच्या वर्षीच आत येतं. स्वतःच्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाला थांबण्याचा काळ असतो, ९ महिन्यांपासून ४ वर्षांपर्यंत. दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला कामी येत नाही.

कॉलेज रोड

बारशाचं थोडक्यात. येणारे सगळे शून्य ते तीन महिन्यांचेच कपडे आणतात. जवळच्या माणसांना मोकळेपणाने सांगा : ६ ते १२ महिन्यांचं माप आणा, नाहीतर मच्छरदाणी, थर्मामीटर, स्टीलची वाटी-चमचा. मावशी-आत्यांना याचं वाईट वाटत नाही, उलट दुकानात काय घ्यावं हा त्यांचा प्रश्न सुटतो. सजवलेला पाळणा दिवसाच्या भाड्याने मिळतो, विकत घेऊ नका. आलेल्या कपड्यांची लेबलं काढू नका, न उघडलेलं बदलून मिळतं.

गंगापूर रोड

दुधाच्या बाबतीत सगळ्यात मोठी बचत म्हणजे पहिल्या आठवड्यात घाबरून डबा न आणणं. दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा अंगावर प्यायला मागतं, ते भुकेचं लक्षण असतं, दूध कमी असल्याचं नाही. धरताना बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. फक्त बोंडी तोंडात असेल तर चिरा पडतात, बाळ उपाशी राहतं आणि मग डबा येतो. प्रसूती झाली त्याच दवाखान्यातल्या नर्सला पहिल्या दोन दिवसांत समोर बसवून हे बघून घ्या, पैसे पडत नाहीत.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरचंच दूध. पाणी, गुटी, ग्राइपवॉटर काही नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटाला लावून चाटवण्याइतकाही नाही. त्यातून होणारी विषबाधा बाळाच्या जिवावर बेतते. ही आपल्याकडची रीत आहे हे मला माहीत आहे. आजीला मान देऊन सोन्याची अंगठी दुधात बुडवून घ्या, मध नको.

कामावर जाणाऱ्यांनी हाताचा पंप घेतला तरी चालतो. विजेचा हवा तर आधी भाड्याचा बघा आणि दुधाला लागणारे भाग नवे घ्या. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात तेवढं गार नसतं, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. तिथे चार दिवस टिकतं. पाजायला बाटली नको. भांडी बाजारातून बिनकडेची छोटी स्टीलची वाटी आणि खोलगट चमचा आणा. पातेल्यात बुडतील इतक्या पाण्यात दहा मिनिटं उकळल्या की झालं, स्टरिलायझर लागत नाही.

डॉक्टरांनी डबा सांगितलाच तर पाणी आधी मोजायचं, मग चमचा सपाट करून पावडर. डबा पुरवायला पाणी वाढवणं ही बचत नाही, बाळाचं वजन त्यात जातं. बाळांच्या दुधाची जाहिरात आणि आईला फुकट नमुने देणं १९९२ च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे कुणी हातात नमुना ठेवला तर तो परत द्या.

म्हसरूळ

सहा महिन्यांनंतरच्या खाण्याचं लिहिते. डब्यातल्या तयार सिरिअलच्या किमतीत पेठ-सुरगाण्याची कितीतरी किलो नागली (नाचणी) येते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

एकदम किलोभर करू नका, अर्धा किलो घ्या. चार-पाच पाणी बदलून रोळून घ्या, नागलीत बारीक खडा आणि माती फार असते. वाटीने पाणी हलवत वरची नागली दुसऱ्या भांड्यात ओतायची, खडा तळाशी राहतो. बारा तास भिजवा, निथळून ओल्या सुती फडक्यात बांधा. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत दोन दिवस लागतात, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून उबेला ठेवा. फडकं सुकू द्यायचं नाही, पण पाण्यात बुडलेलंही नको. आंबूस वास आला किंवा धागे दिसले तर सगळं टाकून द्या, भाजून वाचवायचा प्रयत्न नको. मोड अर्ध्या सेंटिमीटरचे झाले की उन्हात कडकडीत वाळवा, हाताने चोळून मोड पाखडून काढा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा. दळताना गिरणीत आधीच्या माणसाची मिरची किंवा मसाला असतो, म्हणून एवढ्याशा मालाला घरचा मिक्सरच बरा. मलमलच्या फडक्यातून चाळा. बरणीत महिनाभर राहतं, पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा.

शिजवताना दोन चमचे सत्त्व आधी एक वाटी गार पाण्यात कालवायचं, मग गॅसवर. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. हलवत सहा-सात मिनिटं, वरून अर्धा चमचा तूप. मीठ-साखर वर्षापर्यंत नाही, गुळाचाही आग्रह नको. पातळ पेज देऊ नका. चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळली तर ती पातळ आहे, त्यात पोट भरतं आणि ताकद मिळत नाही.

फक्त नागलीवर ठेवू नका, लोह त्यातून पुरेसं मिळत नाही. तांदूळ दोन भाग आणि मूगडाळ एक भाग अशी मऊ खिचडी, पालक, लाल भोपळा, चालत असेल तर नीट उकडलेलं अंडं. एका वेळी एकच नवा पदार्थ, तीन दिवस. बाळासाठी वेगळा बाजार लागत नाही, घरच्या वरणातून फोडणीआधी दोन पळ्या काढून ठेवल्या की झालं. मिक्सरमधून गंधासारखं वाटून देणं आठव्या महिन्यानंतर थांबवा, नाहीतर पुढे चावायलाच नको म्हणतं.

आपल्या गावची एक काळजी : द्राक्षं. अख्खं द्राक्ष बाळाच्या घशात अचूक अडकतं. उभे चार तुकडे करूनच द्यायचं, आधी पाण्यात भिजवून तीन-चार वेळा चोळून धुवायचं, मण्याच्या देठाशी फवारणीचे पांढरे डाग राहतात.

अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायचा आहार मिळतो, गरोदर आणि पाजणाऱ्या आईलाही. नाव नोंदवा. वजनही तिथेच दर महिन्याला करून घ्या, घरी काटा घ्यायची गरज नाही.

आरोग्य केंद्रातून, लसीकरणाचं काम करणारी

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), पोलिओचे थेंब, रोटा (जुलाबाची). ६ आणि १४ आठवड्यांना न्यूमोकोकल (न्यूमोनियाची) आणि पोलिओचं इंजेक्शन. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा शेवटचा आणि पोलिओ इंजेक्शनचा तिसरा डोस. हे सगळं महापालिकेच्या दवाखान्यात मोफत आहे. रोटा आणि न्यूमोकोकल खासगीत महाग पडतात आणि ते सरकारी यादीत आहेत हेच अनेकांना ठाऊक नसतं. खासगीतल्या 'न दुखणाऱ्या' लशीने ताप-सूज कमी येते, पण संरक्षण जास्त मिळतं असं नाही. वाचलेल्या पैशांत फ्लू, टायफॉइड, कांजिण्या यांपैकी काय घ्यावं ते बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

दोन औषधांत मात्र बाटली नीट वाचा. डी जीवनसत्त्वाचे थेंब बाळाला रोज ४०० युनिट सांगितले जातात. काही बाटल्यांत १ मिलीत ४०० युनिट असतात, काहींत ८००. जनऔषधी केंद्रातून स्वस्त घ्या, पण ड्रॉपर किती भरायचा ते त्या बाटलीप्रमाणे ठरतं. पॅरासिटामॉलचंही तसंच : थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. सिरपचं माप थेंबांना लावलं तर चौपट किंवा त्याहून जास्त औषध जातं. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मिली लिहून घ्या आणि तो आकडा बाटलीवरच चिकटवा.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, पेल्यात चिमूटभर टाकून नाही. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. झिंक १४ दिवस पूर्ण, जुलाब थांबले तरी. दोन्ही आशाताईंकडे मोफत असतात. सहा महिन्यांनंतर लोहाचं सिरपही त्याच देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. त्याने शी काळपट होते, घाबरून बंद करू नका.

सिडको

जुनं घेण्याबद्दल. टब, मच्छरदाणी, लाकडी पाळणा, ढकलगाडी, खाण्याची खुर्ची जुनी घ्यायला हरकत नाही. पाळण्याच्या गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, गादी आणि कडेच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, रंगाचे पापुद्रे निघत असतील तर सोडा. ढकलगाडीचा ब्रेक उतारावर लावून बघा. कारमधली बाळाची सीट ओळखीच्या माणसाकडूनच, गाडीला अपघात झालेला नसेल तर आणि मागच्या बाजूची मुदत संपलेली नसेल तरच. वॉकर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याने बाळ लवकर चालत नाही, जिन्यावरून मात्र पडतं. बूट चालायला लागल्यावर. पावडर आणि काजळ कधीच नाही.

जेल रोड, विणकाम करणारी

स्वेटर जन्माच्या मापाचा विणू नका, थंडीच्या मापाचा विणा. जुलैत जन्मणारं बाळ डिसेंबरात पाच महिन्यांचं असतं, त्याला सहा महिन्यांचं माप लागतं. तीन महिन्यांपर्यंतच्या मापाला १०० ग्रॅम बेबी वूल पुरते, सहा महिन्यांना १५० घ्या. लोकर एकाच लॉटची, नंबर पट्टीवर असतो, नाहीतर मध्येच रंगाचा पट्टा दिसतो. पुढून उघडा, बाह्या दोन बोटं लांब विणून दुमडा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत जातो. आत सुती झबलं हवंच. घरात झोपताना टोपी काढायची. मानेमागे हात घालून बघा, घाम असेल तर एक थर कमी.

नाशिक पश्चिम

कागदांचं राहिलं होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत आणि पहिला दाखलाही मोफत. दवाखाना नोंद पाठवतो, पण आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग फॉर्मवर आधार समोर धरून स्वतः तपासा, नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवा, १२ महिन्यांपर्यंत शुल्क न भरता नाव घालता येतं. दाखला ज्या विभागात जन्म झाला त्या विभागीय कार्यालयात मिळतो, तुम्ही राहता तिथल्या नाही : सातपूरला राहून नाशिक रोडला बाळंतपण झालं तर नाशिक रोडला जायचं. बाळाचं आधार मोफत निघतं, पाच वर्षांपर्यंत बोटांचे ठसे लागत नाहीत.

मुलगी असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजना : १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५०००. अर्ज अंगणवाडीताईंकडे द्यायचा. सोबत जन्मदाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आई-वडिलांचं आधार आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, तो गरोदरपणातच काढून ठेवा. कार्ड कोणतंही असो, सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात २५० रुपयांवर उघडतं आणि वर्षाला किमान तेवढेच भरावे लागतात. बारशात आलेली पाकिटं तिथे टाका.